खेड्यातल्या गेमिंग पीसीसाठी एनव्हिडिया की एएमडी? माझं मत: आधी वॅट बघा

आर्वीकर
राजेहो, बारावीची परीक्षा आटोपली की आपल्याकडचं एखादं पोरगं हमखास विचारतं, "गेमिंग पीसी बसवायचा आहे, ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ?" त्याला सल्ला मिळतो तो एसी खोलीत बसलेल्या माणसाचा, जिथं लाइट जातच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, डोक्यावर टिनाचं छत, संध्याकाळी व्होल्टेज पडलेलं. म्हणून मत मांडतो, पटत नसेल त्यानं खोडून काढावं.

कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडिया आणि एएमडी या दोन कंपन्यांपैकी मर्यादित बजेटात एनव्हिडियाच घ्या. २०२३ मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० आणि एएमडीचं आरएक्स ७६०० ही दोन्ही कार्डं आली. दोन्ही ८ जीबी मेमरीची, पण पहिलं ११५ वॅटचं आणि दुसरं १६५ वॅटचं. कार्ड जेवढी वीज खातं ती सगळी उष्णता होऊन खोलीतच उतरते. शिवाय दुकानात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस ३६० वॅटच पेलतो. प्रोसेसर, मॉनिटर धरून ११५ वाल्याला जागा उरते, १६५ वालं काठाकडे जातं. वरून एनव्हिडियाचं डीएलएसएस हे तंत्र आहे. गेम कमी रिझोल्युशनवर चालवून चित्र मोठं करायचं, तेही सफाईनं. त्यात आजही एनव्हिडियाचाच हात वर आहे.

दर्यापूरचा_पोट्टा
भाऊ, तुमी मागच्या पिढीचे आकडे धरून आत्ताच्या पोराले सल्ला देऊन राह्यले. २०२५ चं बोला. आरटीएक्स ५०६० हे १४५ वॅट, ८ जीबी. आरएक्स ९०६० एक्सटीचं १६ जीबीवालं १६० वॅट. फरक किती? १५ वॅट. एका एलईडी बल्बासाठी अर्धी मेमरी सोडून द्याची काय?

आन् मेमरी हेच खरं दुखणं हाय. आताच्या मोठ्या गेममध्ये १०८०पी (फुल एचडी) वर बी टेक्सचर, म्हंजे चित्राचा बारीक तपशील, वर नेलं का ८ जीबी भरते. मंग कार्ड पीसीची साधी रॅम वापराले लागते, ते लय हळू पडते, आन् गेम अडखळते. फ्रेमचा आकडा (सेकंदाले किती चित्रं) चांगला दिसते, पन खेळताना झटके बसते. आपल्याकडे दोन वर्षांनी कार्ड बदलवनारा कोनी नाई. एकदा घेतलं का कॉलेज संपेपर्यंत तेच. एनव्हिडियात १६ जीबी पाहिजे असन त ५०६० टीआय घ्या लागते. निघाली तेव्हा त्याची किंमत ४२९ डॉलर होती, ९०६० एक्सटीची ३४९. आपल्या दुकानात येईपर्यंत हा फरक आनखी फुगते.

आर्वीकर
१६ जीबीचा मुद्दा वजनदार आहे, मान्य. पण एएमडी जुन्या ग्राहकाशी कसं वागली तेही बघा. डीएलएसएससारखं त्यांचं चांगलं तंत्र म्हणजे एफएसआर ४. ते आलं ते फक्त ९००० मालिकेसाठी. काल-परवा ७६०० घेतलेला माणूस बाहेरच राहिला. एनव्हिडियानं डीएलएसएस ४ आणलं तेव्हा त्याचं सुधारलेलं अपस्केलिंग (चित्र मोठं करणं) २०१८ च्या आरटीएक्स २००० मालिकेलाही दिलं. फ्रेम जनरेशन, म्हणजे मधल्या जादा फ्रेम कार्डानंच रचणं, नव्यांनाच, ते खरं. पण गावात निम्मी कार्डं सेकंडहँड येतात. त्या माणसाला कोण सांभाळतं, हे मी मोजणार.

फोटोवाला_वाशीम
गेमच्या पलीकडचं सांगतो. माझा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. लग्नसराईत दिवसा शूट, रात्री एडिटिंग. ज्या पोराला पुढे याच कामात यायचं आहे किंवा ब्लेंडर हे थ्रीडी सॉफ्टवेअर शिकायचं आहे, त्यानं एएमडी घेऊ नये. ब्लेंडरमध्ये एएमडीचं रेडिऑन चालतं, पण रेंडरिंगला (शेवटचं चित्र तयार करायला) आरटीएक्स कार्ड स्पष्ट पुढे राहतं. आताचे कॅमेरे १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती असलेलं) फुटेज देतात, ते थेट कार्डावर उलगडण्याची सोय आरटीएक्स ५००० मालिकेत आली आहे. टाइमलाइन न अडकता चालणं म्हणजे ग्राहकाला वेळेवर पेनड्राइव्ह देणं. घरात कमाई आणणारं कार्ड असेल तर आई-वडीलही पैसे द्यायला तयार होतात.

मेळघाटचा_वारा
४:२:२ ची सोय इंटेलच्या आर्क कार्डांमध्ये आधीपासून आहे! तुम्ही सगळे दोनच कंपन्यांवर भांडताय. आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलं, १२ जीबी मेमरीसकट. तेव्हा त्या भावात एवढी मेमरी दुसऱ्या कोणी नव्या कार्डात दिली नव्हती.

दर्यापूरचा_पोट्टा
आर्क चांगलं हाय, पन कोनाच्या पीसीत? आपल्याकडे बरेचसे पोट्टे हापिसातून निघालेला चौथ्या पिढीचा आय५ घेते आन् त्यात कार्ड टाकते. आर्कले रिसाइझेबल बार (प्रोसेसरले कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देनारी सोय) लागते, ते त्या जुन्या मशीनमध्ये नाई. त्याच्याशिवाय आर्क निम्मं झोपलेलं राह्यते. प्रोसेसर जरा कमजोर असला तरी बी५८० बाकीच्यांपेक्षा जास्त मागं पडते. १९० वॅट हाय ते वेगळंच.

आर्वीकर
बरोबर, आणि त्याच जुन्या डब्यासाठी एएमडीकडे तरी काय आहे? त्या मशीनच्या एसएमपीएसला (पीसीला वीज देणाऱ्या डब्याला) कार्डाची वेगळी वायरच नसते, म्हणून ७५ वॅटच्या आतलं, स्लॉटवरच चालणारं कार्ड लागतं. एएमडीचं आरएक्स ६४०० आहे ५३ वॅटचं, पण ४ जीबीचं. ते स्लॉटच्या चारच लेनवर (डेटाच्या वाटांवर) चालतं, म्हणून जुन्या पिढीच्या पीसीआय ३ स्लॉटच्या बोर्डात त्याचा दम निघतो. रेकॉर्डिंग हाताळणारा व्हिडिओ एन्कोडरही नाही, म्हणजे गेम रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकणाऱ्याला निरुपयोगी. आरटीएक्स ३०५० चं ६ जीबीवालं ७० वॅटमध्ये हे सगळं करतं.

दुरुस्तीवाला_दादा
तालुक्याच्या गावी दुकान आहे, दोन्ही कंपन्यांची कार्डं उघडतो. तुम्ही चिपवर भांडताय, माझ्याकडे कार्डं येतात ती वेगळ्याच कारणांनी.

पहिलं, अर्थिंग. कित्येक घरांत तीन पिनच्या बोर्डात तिसरी तार जोडलेलीच नसते. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. आधी वायरमनला बोलावून अर्थिंग करून घ्या, मग कार्डाचा विचार करा.

दुसरं, इन्व्हर्टर. घरचा इन्व्हर्टर नॉर्मल मोडवर असेल तर लाइट जाता क्षणी पीसी रीस्टार्ट होतो, मागं यूपीएस मोडचं बटण असतं ते दाबा. स्वस्त यूपीएसची लहर चौकोनी असते, काही चांगले एसएमपीएस त्यावर बंद पडतात. एसएमपीएस आणि यूपीएस एकमेकांशी जुळतात का ते दुकानातच लावून बघा.

तिसरं, धूळ आणि कूलर. कापसाचे तंतू आणि सोयाबीनच्या मळणीचा भुसा पंख्यात बसून पाती जड होतात. पीसी कूलरच्या अगदी तोंडाशी ठेवू नका, ती हवा थंड असते पण ओली असते. खोली १० अंशांनी तापली की कार्डही जवळपास तेवढंच तापतं, मग चिप कोणाचीही असो. म्हणून एकाच चिपमध्ये मोठं हीटसिंक (उष्णता ओढणारा धातूचा भाग) आणि दोन पंखे असलेलं मॉडेल घ्या.

आणि वॉरंटी चिपवाली कंपनी देत नाही, कार्ड बनवणारी देते. झोटॅक फक्त एनव्हिडियाची कार्डं बनवते, सफायर फक्त एएमडीची, असूस आणि गिगाबाइट दोन्हींची. माझ्या एका ग्राहकाचं कार्ड एका कंपनीच्या सेंटरवर सगळा उन्हाळा पडून होतं. कार्ड नागपुरातच जमा होतं की कुरिअरनं बाहेर जातं, हे पैसे देण्याआधी विचारा. बिल पक्कं घ्या. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्चं घेतलं, तर वॉरंटीच्या वेळी हातात काही नसतं.

दर्यापूरचा_पोट्टा
दादाचं सगळं मान्य. पन नवा पीसी, निव्वळ गेम, तर मी १६ जीबी ९०६० एक्सटीच सांगनार. १५ वॅट जास्त वाटत असन त सॉफ्टवेअरमधून पॉवर लिमिट (कार्ड किती वॅट खाईन ते) थोडी खाली घ्या, फ्रेमले फारसा फरक पडत नाई.

आर्वीकर
नवा पीसी, एडिटिंग नाही, आणि १६ जीबीचे पैसे खिशात असतील तर तुझं ऐकावं. पण पॉवर लिमिट एनव्हिडियाचीही खाली घेता येते, तो हिशेब दोन्हीकडून धर. आणि बजेट ८ जीबीवरच थांबत असेल, तर मी ९०६० एक्सटीच्या ८ जीबीवाल्यापेक्षा ५०६० च निवडीन. तिथं तुझा मेमरीचा मुद्दा उरतच नाही. यावर बोल.