पट्टीत एक पैसा कमी यायलंय, अर्जंट मदत हवी

आडत_लातूर: मामाच्या आडतीसाठी पट्टीचं (शेतकऱ्याला मालाचा हिशेब देतात त्या कागदाचं) सॉफ्टवेअर केलंय. हमालीत पैसा कमी यायलंय. मुनीम १२८.६३ लिहितात, माझं १२८.६२. डेसिमल (दशांश आकडे तंतोतंत ठेवणारा प्रकार) लावलं तरी तेच. सोमवारपासून चालू करायचंय, लवकर सांगा.

परभणीकर: भाषा कोणती? वजन किती, दर किती? नुसतं ‘तेच’ म्हणल्यावर काय कळणार?

नांदेडचा_गडी: फ्लोटचा, म्हणजे बायनरीत (०-१ मध्ये) साठवलेल्या अपूर्णांकांचा घोळ आहे. ०.१ बायनरीत पुरा मावतच नाही. ०.१ + ०.२ करून बघा, ०.३०००००००००००००००४ येतंय. सगळं पैशात ठेवा, पूर्णांकात. आमच्या पतसंस्थेचं तसंच केलंय, कटकट नाही.

परभणीकर: आणि दर गुणिले वजन केल्यावर निघालेला अर्धा पैसा कुठं ठेवायचा? पतसंस्थेत व्याज काढत नाहीत का तुम्ही?

जालना_बाजार: टॅली (हिशेबाचं तयार सॉफ्टवेअर) घ्या राव, कशाला डोकं लावता.

आडत_लातूर: टॅली नको. पायथन आहे. १० क्विंटल ५० किलो, हमाली क्विंटलला १२.२५.

बीडकर_७: मग फ्लोटला शिव्या कशाला? १०.५ आणि १२.२५ म्हणजे अर्धा आणि पाव, दोन्ही बायनरीत तंतोतंत बसतात. गुणाकार बरोब्बर १२८.६२५. गोची राउंडिंगची आहे. पायथनचं राउंड बरोबर मधोमध अडकलं की सम अंकाकडं जातं, म्हणून ६२. डेसिमलच्या क्वांटाइझचा (ठरावीक दशांशापर्यंत राउंड करणाऱ्या फंक्शनचा) डिफॉल्टही तोच. राउंडिंगमध्ये ‘राउंड हाफ अप’ द्या, म्हणजे अर्धा आला की वर जाईल. आणि डेसिमलला आकडा अवतरणचिन्हांत द्या, नाहीतर ०.१ सारखा आकडा फ्लोटची घाण घेऊनच आत येतो.

जेएस_भाऊ: जावास्क्रिप्टात टूफिक्स्ड हे राउंड करणारं फंक्शन सरळ १२८.६३ देतं. पायथन सोडा.

बीडकर_७: त्याच टूफिक्स्डला १.००५ देऊन बघा, १.०१ ऐवजी १.०० येईल. मग बोलू.

नांदेडचा_गडी: तरी मी म्हणतो पैशातच ठेवा. डेटाबेसमध्ये कॉलम फ्लोट असला की परत तेच रडगाणं.

बीडकर_७: कॉलमला डेसिमल हा प्रकार असतोच की. वजन काय पैशात ठेवणार का?

आडत_लातूर: ६३ आलं! पण हमाली, तोलाई वेगवेगळी राउंड करायची का शेवटी एकदाच?

परभणीकर: मुनीम प्रत्येक ओळ राउंड करून बेरीज मारत असतील तर तुम्हीही तसंच. शेतकऱ्याच्या हातात पट्टी जाते, त्यावरच्या ओळींची बेरीज खाली जुळलीच पाहिजे.

जालना_बाजार: ते जाऊ द्या, सोयाबीन काय भावानं गेलं आज?