बास्केटबॉलमध्ये ट्रॅव्हलिंग देताना चेंडू ताब्यात आला, हे पंच नेमके कसे ठरवतात?

रामबागेतील पालक (इंदूर):
नमस्कार. माझी मुलगी १४ वर्षांची असून शाळेच्या संघातून बास्केटबॉल खेळते. गेल्या रविवारी एका आंतरशालेय सामन्यात धावत असताना तिच्याकडे पास आला. चेंडू तळहातावर आपटून वर उडाला, तिने तो बोटांच्या टोकांनी दोनदा सावरायचा प्रयत्न केला आणि तेवढ्यात ती तीन पावले पुढे गेली. मग चेंडू दोन्ही हातांत पक्का धरून तिने आणखी दोन पावले टाकली आणि ले-अप (बास्केटजवळ जाऊन उडी घेत मारलेला शॉट) मारला. चेंडू जाळीतून खाली आला खरा, पण त्याआधीच शिट्टी वाजली होती आणि पंचांनी दोन्ही मुठी एकमेकींभोवती फिरवून ट्रॅव्हलिंगची, म्हणजे चेंडू धरून जास्त पावले टाकल्याची, खूण केली होती. प्रेक्षकांतूनही ‘स्टेप, स्टेप’ असा गलका झाला. झालेल्या निर्णयाबद्दल मला तक्रार करायची नाही. मात्र घरी आल्यापासून मुलगी एकच विचारते आहे की, चेंडू माझ्या हातात आलाच नव्हता, तर माझी पावले कोणत्या हिशेबाने मोजली? तिला नीट उत्तर देता यावे म्हणून जाणकारांना विचारते आहे.

जुना पंच:
ताई, आपण लिहिले तसेच घडले असेल, तर ती बास्केट ग्राह्य धरायला हवी होती. आपल्याकडील सामने फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांनी होतात आणि त्या नियमांत ट्रॅव्हलिंग म्हणजे चेंडू हातात धरलेला असताना पायांची मर्यादेबाहेर झालेली हालचाल. चेंडू धरलेलाच नसेल, तर खेळाडू तीन पावले धावो की सहा, ट्रॅव्हलिंगचा प्रश्नच उद्भवत नाही. हातून नकळत निसटलेला चेंडू सावरण्याच्या धडपडीला फंबल म्हणतात. फंबल म्हणजे ताबा नव्हे आणि ड्रिबलही (चेंडूला जमिनीवर टप्पे देत पुढे जाणे) नव्हे. मात्र हातात पक्का आलेला चेंडू स्वतःच हवेत उडवून पुढे धावत जाऊन झेलणे याला फंबल म्हणता येत नाही, कारण तेथे ताबा आधीच मिळालेला असतो.

आता तिच्या पावलांचा हिशेब पाहू. समजा, दोन्ही हातांनी चेंडू धरला त्या क्षणी तिचा उजवा पाय जमिनीवर होता. तो पाय मोजायचा नाही. त्याला शून्यावे पाऊल म्हणतात. त्यानंतर डावा टेकला की पहिले पाऊल, पुन्हा उजवा टेकला की दुसरे. तिसरे पाऊल जमिनीला लागण्यापूर्वी चेंडू हातातून सुटला पाहिजे. १ ऑक्टोबर २०१७ पासून फिबाने हे असे स्पष्ट केले. त्याआधी शिकलेल्या कित्येकांच्या डोळ्यांना आजही हे तिसरे पाऊल वाटते आणि शिट्टी तोंडाकडे जाते.

म्हणून मी नव्या पंचांना आवर्जून सांगत असे की, आधी हात पाहा, मग पाय मोजा. पासच्या वेळी हे त्या मानाने सोपे असते. कस लागतो तो ड्रिबल संपताना. दोन्ही हात एकाच वेळी चेंडूला लागले की ड्रिबल संपला, हे सर्वांना दिसते, पण चेंडू एका हातात विसावला तरीही तो संपतो. उजव्या हाताने शेवटचा टप्पा दिला, चेंडू कमरेपर्यंत वर आला आणि तळहात बाजूने सरकत त्याच्या खाली गेला. चेंडू तेथे क्षणभर थांबला की ताबा मिळाला, मग डावा हात नंतर केव्हाही लागो. डाव्या हाताची वाट पाहत बसणारा पंच एक पाऊल उशिरा मोजायला लागतो आणि खरे ट्रॅव्हलिंग सुटून जाते. आपल्या मुलीच्या बाबतीत याच्या उलट झाले असावे. चेंडूचा पहिला स्पर्श हाच ताबा धरला गेला.

सकाळचा सराव:
पंचकाकांचे म्हणणे मान्य आहे. मुलांना शिकवणारा म्हणून थोडी भर घालतो. शून्यावे पाऊल केवळ धावत्या खेळाडूला मिळते. दोन्ही पाय जमिनीवर असताना उभ्याने पास घेतला, तर एक पाय उचलताच दुसरा पिव्हट (जागेवर टेकलेला ठेवायचा पाय) ठरतो आणि ड्रिबल सुरू करायचा असेल, तर पिव्हट उचलण्यापूर्वी चेंडू हातातून सुटलाच पाहिजे. आमच्या मुलांचे बहुतेक ट्रॅव्हलिंग येथेच होते: मागचा पाय आधी उचलला जातो आणि चेंडू मागाहून जमिनीला लागतो. धावत पास घेऊन ड्रिबल करणाऱ्यानेही दुसरे पाऊल टेकण्यापूर्वी चेंडू सोडायचा असतो. दोन पावले मिळतात ती थांबण्यासाठी, पाससाठी किंवा शॉटसाठी.

टीव्हीवर एनबीए (अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीग) पाहून मुले जो ‘गॅदर’ (चेंडूवर ताबा मिळण्याचा क्षण) शब्द उचलतात, त्याची व्याख्या त्यांच्या नियमपुस्तकात २०१९ साली आली. तेथेही प्रश्न हाच आहे की, धरण्याइतका, पास देण्याइतका किंवा हात बदलण्याइतका ताबा केव्हा मिळाला. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांनी १८९१ साली लिहिलेल्या १३ नियमांतसुद्धा चेंडू घेऊन धावायला मनाई असली, तरी वेगात झेल घेणाऱ्याला थांबण्यापुरती सवलत होती.

रामबागेतील पालक (इंदूर):
दोघांचेही मनःपूर्वक आभार. मोबाइलवरील चित्रण थांबवत थांबवत पुन्हा पाहिले. दोन्ही हात चेंडूवर मिटतात तेव्हा उजवा पाय जमिनीवरच आहे आणि टाच नुकती उचलू लागली आहे. मुलीने ते स्वतः तीनदा पाहिले. तिचा आणखी एक प्रश्न आहे: चेंडू धरलेला असताना खेळाडू पडून घसरत गेला, तर ते ट्रॅव्हलिंग होते का?

जुना पंच:
नुसते पडून घसरल्यास होत नाही. पण चेंडू धरूनच तो लोळला किंवा उठायचा प्रयत्न करू लागला, तर होते. तिला सांगा, पडल्यावर तेथूनच पास द्यायचा किंवा बसल्या जागी ड्रिबल सुरू करायचा आणि मगच उठायचे.