रविवारी बीच सफाई: कोण कोण येतंय?

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी ७ ला जुहू बीच सफाई. ग्लोव्हज सोसायटीकडून. टी-शर्ट छापायला टाकतोय, साइझ कळवा.

जोशी काका (ए-२०४): मी आणि सौ. दोन एक्सएल.

प्रणाली (बी-५०३): मी आहेच. पण काका, मागच्या वेळी बाटल्या-चपला गोळा केल्या, फोटो काढले, निघालो. भरतीच्या रेघेवरचं बारीक प्लास्टिक तसंच राहिलं. काल तिथली मूठभर वाळू घरी आणून मिठाच्या पाण्यात ढवळली. वर काय आलं? थर्माकोलचे मणी, निळ्या दोराचे धागे, पिशवीचे कपटे आणि साबुदाण्यासारखे पांढरे दाणे.

सुहास (ए-६०१): दाणे कसले?

प्रणाली: कारखान्यांचा कच्चा माल. ते वितळवून बादल्या, डबे बनवतात. २०२५ च्या मे महिन्यात कोचीजवळ एमएससी एल्सा ३ हे मालवाहू जहाज बुडालं, तेव्हा केरळच्या किनाऱ्यावर हेच दाणे आले होते.

कल्पना वहिनी (बी-१०२): महापालिकेचं मशीन फिरतं ना बीचवर? त्याला बारीक जाळी लावा म्हणावं.

प्रणाली: वहिनी, ५ मिलिमीटरच्या आतलं सगळं मायक्रोप्लास्टिक. तेवढी बारीक जाळी लावली तर शिंपले, खेकड्यांची पिल्लं, सगळंच उचललं जाईल. उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होतं, मग लाटा आणि वाळू त्याचा भुगा करतात. भुगा व्हायच्या आत उचललं तरच उपयोग.

वैती (सी-३०१): निळे धागे आमच्या जाळ्यांचे, दोरांचे. ते मान्य. पण पिशव्या काय आमच्या होड्यांतून येतात? पहिला मोठा पाऊस पडू दे, इर्ला नाल्याच्या तोंडाशी येऊन बघा.

जोशी काका: बुचं एवढी का दिसतात हो? बाटल्यांपेक्षा जास्तच.

प्रणाली: बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड, पाणी शिरलं की बाटली तळाला जाते. बूच हलकं, ते तरंगत किनाऱ्याला लागतं.

सुहास: सेक्रेटरी साहेब, टी-शर्ट पॉलिएस्टरचे का? दर धुण्याला त्याचेही धागे गटारात जातात.

सेक्रेटरी: कॉटनचा रेट दुप्पट आहे. मेंटेनन्स वाढवू का?

कल्पना वहिनी: टी-शर्टच नकोत! घरातले जुने घाला.

प्रणाली: +१. आणि पार्किंगमध्ये पाण्याच्या टाकीमागे थर्माकोलचं मखर पडलंय. २०१८ पासून बंदी आहे त्यावर. कोपरे चुरगळून मणी जिन्यापर्यंत आलेत. सकाळी पाइप लावून पार्किंग धुतात, की सगळं थेट जाळीतून गटारात.

जोशी काका: मखर आमचं नाही.

सेक्रेटरी: कोणाचं आहे ते विचारतच नाही. आज संध्याकाळपर्यंत पोत्यात भरून, तोंड बांधून सुक्या कचऱ्यात द्यायचं. उद्यापासून आधी झाडू, मग पाइप. वॉचमनला सांगतो.

वैती: आणि ७ चं तेवढं भरतीचं टाइमटेबल बघून ठरवा. रेघ पाण्याखाली असली तर उचलणार काय?

सेक्रेटरी: टाका टाइमटेबल ग्रुपवर.