'अकालपक्व' म्हणे! आठ वर्षांच्या पोराला?

कातळावरचा
काल इथे एका आठ वर्षांच्या मुलाचा पखवाज वाजवतानाचा व्हिडिओ आला. वर मथळा: 'कोकणची अकालपक्व प्रतिभा'. कौतुकच करायचं होतं, हे कळतं. पण मराठीत अकाली काय येतं? पाऊस, म्हातारपण, मरण. आणि पिकलं की पुढे गळणंच. हा इंग्रजी 'प्रिकोशस'चा शब्दशः उतारा आहे. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थही वेळेआधी पिकलेला असाच. जर्दाळूचं इंग्रजी नाव त्याच मुळातलं. तिकडे तो झाडाफळांवरून माणसांवर आला. आपल्याकडे झाडाफळांचे शब्द काय कमी आहेत? हळवं भात ११०-११५ दिवसांत कापणीला येतं, गरव्याला १४०-१५० लागतात. हळव्याला कोणी अकाली म्हणतं का? त्याचे दिवसच तेवढे. मी तर अशा मुलाला हळवाच म्हणेन.

निवृत्त गुरुजी
हळवा मुलगा म्हटलं की लोकांना डोळ्यांत पाणी आणणारा मुलगा दिसणार. शब्द असे शेतातून उचलून चालत नाहीत. आणि 'अकाल'मधला इशारा खरा आहे. एकतीस वर्षं शिकवलं. चौथीतली एक मुलगी सातवीची गणितं तोंडी सोडवायची. नववीत तीच मागच्या बाकावर, वही कोरी. लवकर आलेलं टिकत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

कातळावरचा
गुरुजी, एका मुलीवरून नियम? ज्ञानेश्वरी शके १२१२ची, तेव्हा माउली पंधरा-सोळा वर्षांचे. त्यांना कोणी अकालपक्व म्हटलं नाही. कुमार गंधर्व लहानपणीच मैफली गाजवत होते. पुढे क्षयाने फुप्फुस गेलं, काही वर्षं गाणं बंद. परत गायले तेव्हा लोकांनी नवीनच गाणं ऐकलं. कुठे गळलं? आणि त्या मुलीची वही कोरी का राहिली, ते शाळेत कोणी विचारलं का?

देवगडचा बागवाला
वादात पडणार नव्हतो, पण 'पिकलं की गळणंच' वाचून राहवलं नाही. हापूस गळेपर्यंत झाडावर ठेवतो कोण? तयार झाला की देठासकट उतरवायचा आणि आढीत पेंढ्यावर पिकवायचा.

चिपळूणची ताई
आढी? गेल्या फेब्रुवारीत पहिली पेटी घेतली, सासऱ्यांना हौस म्हणून. बाहेरून पिवळाधमक, कापला तर कोयीजवळ पांढरा आणि आंबट ढाण. हे कार्बाइड नाही तर काय? त्यावर बंदी आहे ना? सगळं लवकर हवं, आंबाही आणि पोरगंही!

देवगडचा बागवाला
बंदी आहेच, आणि हवीच. पण व्यापाऱ्याचं पाप बागवाल्याच्या माथी मारू नका! आम्ही पावसाळ्यात मुळांशी पॅक्लोब्युट्राझॉल देतो. पालवी रोखली जाते, मोहोर लवकर फुटतो. मोहोर आगाप आला तरी फळ झाडावर आपले दिवस घेतंच. कोवळा आंबा उतरवून रंगवणं हे वेगळं. हे दोन एकाच तराजूत घालणाऱ्याने एकदा येऊन बाग राखून दाखवावी. माकडं, थ्रिप्सची कीड, अवकाळी पाऊस, सगळं सोसून मग बोला.

चिपळूणची ताई
पैसे माझे गेले, म्हणून बोलले. आणि दरवर्षी औषध ओतून झाडं दमतात, हे आमच्या माहेरच्या बागेत बघितलंय. मात्रा कोण मोजतं?

देवगडचा बागवाला
मोजत नाहीत त्यांची झाडं दमतात. तेवढं मान्य. बाकी नाही.

निवृत्त गुरुजी
विषय शब्दाचा होता, पेटीचा नव्हे!

कातळावरचा
पेटीतूनच शब्द निघाला, गुरुजी. मोहोर आगाप, फळ आपल्या दिवसांनी. व्हिडिओतल्या मुलाचा मोहोर आलाय. त्याला पक्व म्हणणं म्हणजे कोवळा आंबा उतरवणं. 'हळवा' सोडतो, नाइलाजाने. 'आगाप' म्हणू.

निवृत्त गुरुजी
आगापशेजारी 'आगाऊ' बसलेलाच आहे, तो पोराला चिकटायला वेळ लागणार नाही. पण अकालपक्वपेक्षा बरा, हे कबूल करतो. त्या मुलीचं म्हणाल तर, नाही विचारलं. मीही नाही.

कणकवलीची काकी
माका ह्यां सगळां वाचून बोलूक होयां. आमचो झील सातव्या वर्षी डबलबारीला, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्याला, वाजवायचा. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतात. हात पुरायचा नाही, म्हणून गोळा मी मळून द्यायचे. फार सैल झाला तर रुसायचा. रात्री दोनला बारी संपायची, सकाळी शाळा. लोक स्टेजवर चढून नोटा लावायचे, ह्यांना वाटायचं लक्ष्मी आली. चौदाव्या वर्षी म्हणाला, आई, आता नको. नोटा लावणारेच म्हणाले, वाया गेला. तो वाया गेला नव्हता, दमला होता. आता चोवीस वर्षांचा आहे, गॅरेजात काम करतो. गेल्या गणपतीत आपणहून पखवाज काढला, गवसणीवरची धूळ झाडली आणि आतल्या खोलीत मला हाक मारली, कणीक मळून दे म्हणून.