पोरांना स्वयंपाकघरात कसं सामावून घेता? अनुभव लिहा

रंकाळ्याकाठची
दिवाळीच्या आवराआवरीत काल माळ्यावरनं आजीचा छोटा पाट निघाला. एका कोपऱ्यातलं पितळी फूल गेलंय, मधला हळदीचा डाग मात्र अजून तसाच आहे. शिवाजी पेठेतल्या जुन्या घरात चुलीपासनं दोन हात लांब हा पाट मांडलेला असायचा आणि तो माझाच होता. आजीचा नियम एकच. पाटावरनं उठायचं नाही, मग बसून काय पाहिजे ते कर. लसूण सोलायचा, मेथी निवडायची, कणकेची चिमणी करायची. ती चिमणी आजी तव्याच्या कडेला भाजून द्यायची, चोच जरा करपलेली.

माझी लेक पाच वर्षांची. आमचा ओटा तिच्या हनुवटीशी येतो. ती आत आली की "बाहेर जा, भाजेल" हे इतक्यांदा म्हटलंय मी की तिनं यायचंच सोडलं होतं. काल पाट मांडला, परात खाली घेतली. तासभर हलली नाही. "आई, मी लाटतो" म्हणाली आणि लाटली पण. चपातीला तीन कोपरे होते, तिच्या बाबांनी पहिली तीच खाल्ली.

तुमच्याकडं काय जागा केलीय पोरांसाठी? सगळं लिहा, मला खरंच पाहिजे.

मिरचीवाली_मंगळवारपेठ
चटणीचे दोन दिवस सोडून कधीपण येऊ देते. संकेश्वरी भाजायला घेतली की पोरं सरळ शेजारी, तो ठसका लहान जिवाला सोसत नाही. एकदा धाकट्यानं मिरचीची देठं काढली आणि तोच हात गालाला लावला. नुसत्या पाण्यानं आग जात नाही. तेल चोळायचं, मग साबण. डोळ्यात गेलं तर मात्र साधं पाणी, भरपूर, बराच वेळ. आता त्याला धणे निवडायला देते. काडीकचरा माझ्यापेक्षा बारीक बघतो.

सोनचाफा
पाटाचं वाचून डोळे भरले. फोटो टाक की गं.

दोन_पोरांचा_बाबा
खाली बसून करायला आमच्यात जागाच नाही, किचन एवढंसं. सुताराकडनं 14 इंच उंचीचं स्टूल करून घेतलं, तीन बाजूंनी कठडा. कोपर ओट्याच्या वर आलं पाहिजे, नाहीतर पोरगं टाचा उचलतं आणि तोल जातो. स्टूल कायम सिंककडं, गॅसकडं कधीच नाही. खालचा एक कप्पा रिकामा करून त्यांच्या वाट्या, चमचे, छोटं लाटणं ठेवलंय. स्वतःचं सामान स्वतः काढता येतं म्हटल्यावर माझ्या ड्रॉवरमधल्या सुऱ्यांकडं बघत पण नाहीत. हे कप्प्याचं काम फुकटातलं आहे, आधी तेवढं करा.

जास्वंद७
मी जरा वेगळं लिहिते. मुलगा तीन वर्षांचा असताना पुढच्या शेगडीवरच्या दुधाच्या पातेल्याचा दांडा त्यानं ओढला. हातावर सांडलं. घरात कुणी टूथपेस्ट आण म्हणालं, कुणी बर्फ. मी दोन्ही लावलं. डॉक्टर नंतर म्हणाले, काही लावायचं नव्हतं, 20 मिनिटं साध्या वाहत्या पाण्याखाली हात धरायचा आणि तसंच इकडं घेऊन यायचं. हे सगळ्यांनी पाठ करा.

डाग आता पुसट झालाय. पण सहा महिने तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत आला नाही. मग मीच भाजी घेऊन उंबऱ्यावर बसायला लागले, काही न बोलता. एक दिवस येऊन त्यानं वाटाण्याची शेंग उचलली. ती उघडेना, मी नुसती टोकाला चिमटा घेऊन दिली, दाणे त्यानं काढले. पाच होते. मोजून दाखवले. आता आठ वर्षांचा आहे, फोडणीच्या वेळी मला म्हणतो, दांडा आत वळव.

मिरचीवाली_मंगळवारपेठ
जास्वंद, काळीज हललं गं. मी पण मागच्या शेगडीवरच ठेवते आता उकळतं सगळं.

सोनचाफा
कपिलतीर्थला मेथी काय भाव आहे? कोण गेलंय का आज?

आजोबा_कसबा_बावडा
रविवारी पांढरा रस्सा आमच्याकडं मी करतो. सात वर्षांची नात नारळाचं दूध काढते. खोबरं वाटून मी देतो, ती पंच्यात बांधून पिळते. दूध कोपरापर्यंत ओघळतं, मग तोंड लावून चाटते, मी रागवत नाही. दूध घालायच्या वेळी आच बारीक करून मी एकसारखा ढवळतो, नाहीतर फाटतं. ती लांबनं मला "आजोबा, थांबू नका" म्हणून ओरडत असते. जेवताना पाव्हण्यांना सांगते, दूध माझं आहे.

पेठेतली_काकू
नवरात्रात फुलोऱ्याच्या कडाकण्या पोरांकडनंच करून घेतल्या यंदा. वेणी, फणी, करंडा सगळं त्यांच्या हातचं. गुळाच्या पाण्यात पीठ घट्ट भिजवलं की आकार मोडत नाही. तळणं माझं, पोरं पलीकडच्या खोलीत. एकाच्या फणीला दात चौदा! देवीपुढं तीच मधोमध बांधली.

सोनचाफा
काकू, कणीक का मैदा?

पेठेतली_काकू
मी अर्धं अर्धं घेते, वर मूठभर बारीक रवा. मेथी वीसला पेंडी, सकाळी गेलतो.

रंकाळ्याकाठची
सगळं वाचलं, जास्वंदचं तर दोनदा. दांडे आत्ताच वळवून आले. शंकरपाळ्यांना लेकीच्या हातात कातणं देणार आहे. खालच्या मजल्यावरचा तिचा दोस्त पण आलाय, दोघं एकाच पाटावर अर्धे अर्धे बसून लसूण सोलायलेत. दोन_पोरांचा_बाबा, ते सुताराचं दुकान कुठल्या बाजूला आहे? अजून एक पाट करून घ्यायचाय.