चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणं बंद करायलाच हवं

फोंडेकर:
काल संध्याकाळी फार्मसीत उभा होतो, पुढच्या माणसाने सेफिक्झिम या अँटिबायोटिकची अर्धी स्ट्रिप दाखवली आणि म्हणाला यातल्याच चार द्या, पोराला ताप आहे. चिठ्ठी कोणी विचारली नाही. स्ट्रिपवर चिठ्ठीशिवाय घेऊ नका सांगणारी लाल रेघ होती, कात्री त्या रेघेवरूनच चालली. हे औषध शेड्यूल एच-वन या कडक नियमांच्या सरकारी यादीतलं, 2014 पासून नियम आहे की चिठ्ठी पाहिजे, पेशंटचं नि डॉक्टरचं नाव रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते रजिस्टर 3 वर्षं ठेवायचं. आता बहुतेक ताप व्हायरल असतात, त्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही. केरळ सरकार चिठ्ठीशिवाय विकणाऱ्यांवर कारवाई करतं, मग आपल्या एवढ्याशा गोव्यात का होत नाही?

सत्तरीची सिस्टर:
दादा, फार्मसीवाल्याला धरलंत ते बरोबर, पण आमच्या ओपीडीत पावसात एक दिवस येऊन बसा. शेतात चिखलात काम करणारी बाई रोजंदारी बुडवून दोन बस बदलून येते, तिला "तीन दिवस बघू, मग या" कसं सांगणार? परत येईलच याची खात्री नाही. आणि लेप्टो, म्हणजे चिखलपाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप असला तर थांबणं जिवावर बेततं, तिथे डॉक्सी (डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक) लवकर सुरू केलेली बरी. डॉक्टर सरसकट अँटिबायोटिक लिहून देतात असं लोक म्हणतात, ते म्हणणं सोपं आहे हो.

डिचोलीकर:
सिस्टर, लेप्टोचं पटलं. पण माझ्या आईचं ऐका. लघवीला जळजळ आणि ताप म्हणून एका हॉस्पिटलात नेलं, पोचल्या पोचल्या भारीतलं अँटिबायोटिक इंजेक्शन सुरू केलं आणि कल्चरचं, म्हणजे जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीचं सॅम्पल घेतलं दुसऱ्या दिवशी. तोवर औषध अंगात गेलेलं, त्यामुळे रिपोर्टात काहीच वाढलं नाही, म्हणजे कुठला जंतू, कुठलं साधं औषध चाललं असतं, काही कळलं नाही, सात दिवस तेच इंजेक्शन. सुईने हात काळानिळा झाला होता तिचा. आधी सॅम्पल घ्यायला पाच मिनिटं लागली असती!

सत्तरीची सिस्टर:
हे चुकलंच, त्याला सबब नाही. सॅम्पल पहिलं, सुई नंतर, आम्ही नवीन मुलींना हेच शिकवतो. पण रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस जातात आणि तोवर पेशंट खालावला तर नातेवाईक आमच्याच अंगावर येतात, ते कोण सोसणार? रिपोर्ट आल्यावर औषध बदलून साधं करायचं असतं, तिथे मात्र आम्ही कमी पडतो, राउंडला तो विषयच निघत नाही.

फोंडेकर:
मग तो विषय तुम्हीच काढा ना सिस्टर, रिपोर्ट आधी तुमच्याच हातात येतो. मी चिठ्ठीचा हट्ट सोडणार नाही, ते तापाचं पोर तर डॉक्टरपर्यंत पोचलंच नव्हतं.