सीडी घातली तरी मशीन बूट होईना: तुमचे अनुभव

जुनंमशीन
विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या सोसायटीत चांगले चालते कॉम्प्युटर भंगारात काढायची लाट आली. मला ते बघवत नाही. शेजारच्या काकांचं मशीन उचलून घरी आणलं, म्हटलं विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स टाकू. डीव्हीडी घातली, दिवा लुकलुकला, ड्राइव्ह घरघरला आणि समोर नेहमीची विंडोज हजर! एकदम विंडोज एक्सपीचे दिवस आठवले. 'प्रेस एनी की टू बूट फ्रॉम सीडी' ही ओळ दिसली की जीव भांड्यात पडायचा. नाही दिसली तर चला बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग्ज), फर्स्ट बूट डिव्हाइस बघा.
काकांच्या मशीनला बायोसमध्ये फास्ट बूट चालू होतं, त्यामुळे ते डीव्हीडीकडे ढुंकूनही बघत नव्हतं. ते बंद केल्यावर बूट मेनूत ड्राइव्हचं नाव आलं.
तुमचे किस्से लिहा. स्क्रीनवर नेमकं काय आलं होतं तेही लिहा, निम्मं दुखणं तिथेच कळतं.

फ्लॉपीवाला
विंडोज ९८ ला विसरलात होय! आमच्याकडच्या ९८ च्या सीडीवरून थेट बूट व्हायचंच नाही. आधी फ्लॉपी, त्यात 'विथ सीडी-रॉम सपोर्ट' निवडायचं, मग सेटअप. आणि खरी मेख पुढे. ती फ्लॉपी मेमरीत एक रॅम ड्राइव्ह (तात्पुरती डिस्क) तयार करायची, म्हणून सीडीचं अक्षर एकाने पुढे सरकायचं. डी: वर सेटअप शोधत बसायचे सगळे, सीडी असायची ई: वर.

रत्नांग्री
फ्लॉपीला बुरशी धरायची आमच्याकडे. श्रावणापर्यंत पांढरे ठिपके. सीडीला पण.

पोळीभाजी
@रत्नांग्री सीडी पुसताना मधून कडेकडे सरळ पुसा, गोल गोल नको. गोल ओरखडा ट्रॅकच्या दिशेने जातो, मग लेझरला सलग पुष्कळ डेटा वाचता येत नाही. सविस्तर रात्री लिहिते, कुकर लावलाय.

जम्पर
कॅफे होता आमचा, सांगलीत. एकाच केबलवर हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह, दोघंही मास्टर, म्हणजे दोघंही पहिल्या नंबरवर! बायोसला कधी हे दिसायचं कधी ते. ड्राइव्हच्या मागे पिनांवर तो इवलासा काळा जम्पर, नखाने ओढायचा, हमखास सुटून टेबलाखाली जायचा. मग टॉर्च घेऊन सगळे खाली. सीडी ड्राइव्हचा स्लेव्हवर, म्हणजे दुसऱ्या नंबरवर बसवला की पहिल्या झटक्यात सीडीवरून बूट. ड्राइव्ह जोडणारी ती पट्टीसारखी आयडीई केबल दुमडून आत तुटायची, तेही बघा. आम्ही आधी केबल बदलायचो, मग बाकीचं.

विदर्भकर
मी पुण्यात, बाबा नागपुरात, सगळं फोनवर.
"बाबा, बायोस उघडायला डिलीट दाबत राहा."
"एकदाच का सारखं?"
"सारखं!"
"अरे, आता डिस्क बूट फेल्युअर म्हणतंय. वर तारीख २००२ ची दाखवतंय."
तारखेवरून लक्षात आलं. मदरबोर्डवरचा सेल संपलेला. बूट ऑर्डर सेव्ह केली तरी प्लग काढला की पुसली जायची. बाबांनी घड्याळवाल्याकडून सीआर २०३२ आणून स्वतः बसवला, वयाच्या सत्तरीत. फार अभिमान वाटला मला.

फ्लॉपीवाला
बाबांना नमस्कार सांगा 🙏

रत्नांग्री
उबुंटूच्या (लिनक्सचाच एक प्रकार) फुकट सीड्या कुणी मागवल्या होत्या? पोस्टाने घरी यायच्या, २०११ पर्यंत. पोस्टमन विचारायचा, परदेशात कोण आहे तुमचं?

जम्पर
मी! कॉलेजात वाटल्या. कव्हर अजून जपून ठेवलीत.

पोळीभाजी
आले. ऑफिसात मी हेच काम करायची. कुणी डाउनलोड करून सीडी लिहून आणायचं आणि ती बूट व्हायची नाही. ती दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. आत एकच आयएसओ फाइल (अख्ख्या सीडीची नक्कल) दिसली तर ती डेटा म्हणून लिहिलीय, कधीच बूट होणार नाही. 'बर्न इमेज' करायला हवं. वेग कमी ठेवायचा, जुने ड्राइव्ह घाईत लिहिलेली डिस्क ओळखत नाहीत.
दुसरा प्रकार, सीडी छान बूट होते, फाइली लोड होतात आणि मग निळा स्क्रीन, एरर कोडच्या शेवटी ७बी. नव्या लॅपटॉपवर एक्सपी टाकताना हमखास. सीडीत साटाचा (हार्ड डिस्कच्या नव्या जोडणीचा) ड्रायव्हर नसतो, म्हणून हार्ड डिस्कच सापडत नाही. बायोसमध्ये साटाचा मोड एएचसीआयवरून आयडीई, म्हणजे जुन्या पद्धतीचा करा. बिचाऱ्या सीडीला शिव्या देऊ नका.

विदर्भकर
पुण्यात तापकीर गल्लीत आयडीई केबल मिळते का अजून?

जम्पर
विचारत जा एकेका दुकानात. आतल्या खोक्यात असते.

कल्याणकरीण
माझं आत्ता अडलंय. जुनं पेंटियम ४, मुलीला टायपिंगला द्यायचंय. लिनक्सची सीडी घातली तर म्हणतं एक्स८६-६४ सीपीयू लागतो, आय६८६ सापडला.

जुनंमशीन
म्हणजे सीडी, ड्राइव्ह, बूट ऑर्डर सगळं ठीक आहे. प्रोसेसर ३२-बिटचा, सीडी ६४ ची. डेबियन १२ (हेही लिनक्सच) ची ३२-बिट घ्या. १३ ला ३२-बिटचा इन्स्टॉलरच नाही.

कल्याणकरीण
डीव्हीडीवर लिहिली तर? कोऱ्या सीड्या नाहीत. ड्राइव्हवर नुसतं सीडी-रॉम लिहिलंय.

जुनंमशीन
नाही वाचणार, डीव्हीडीला वेगळं लेझर लागतं.

फ्लॉपीवाला
माझ्याकडे आयडीईवाला डीव्हीडी रायटर पडलाय, चालू आहे. डोंबिवलीला येणं होतं का ताई?

कल्याणकरीण
होतं की! रविवारी येते. केबल पण द्याल का दादा?